अर्धा तास तहकूब

साऱ्या मराठवाड्यात सहकारावर मनापासून विश्वास ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि बंद पडलेल्या गाडीशेजारी त्याच्याइतका निरुपयोगी माणूसही दुसरा पाहिला नाही. हे गृहस्थ म्हणजे आमच्या ताईचे सासरे. आमच्याकडे बहिणीच्या सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मी त्यांना मामा म्हणे. गाव त्यांना सचिव म्हणे. ते स्वतः स्वतःबद्दल काहीच म्हणत नसत, कारण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसे. गावातल्या दूध संस्थेचे ते सचिव होते आणि संस्थेची जी एकमेव व्हॅन होती तिचे चालकही होते. सकाळी गावात दूध गोळा करायचं, कॅन व्हॅनमध्ये भरायचे आणि अकरा किलोमीटरवरच्या केजच्या शीतकरण केंद्रावर नऊच्या आत पोचवायचे, एवढंच त्यांचं काम. या एवढ्याशा कामात जगातली सगळी लोकशाही त्यांनी कोंबून बसवली होती.

मी त्यांच्याकडे गेलो तो त्यांना उघडं पाडायला. आमच्या उमापूरच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त येत. मला अक्षरओळख झाली तीच 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' या ओळीवर. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत आणि पुढारी सगळ्याच सहकारी संस्थांत, असं चित्र होतं. त्यावर 'सहकार कुणाच्या बापाचा?' या नावाचं एक जळजळीत पत्रक लिहायचं आणि पुराव्यासाठी ताईच्या सासरी राहून एखादी संस्था आतून पाहायची, असा माझा डाव होता. मामांनी माझा हेतू शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमचं अक्षर चांगलं हाय का?" मी म्हटलं, आहे. "मग इतिवृत्त लिहा. पुरावा म्हणतात तो त्यातच असतो." आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जाडजूड रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं. क्रांती करायला गेलेला मी पहिल्याच दिवशी कारकून झालो.

व्हॅन संस्थेची होती, म्हणजे सगळ्या सभासदांची होती, आणि ही गोष्ट मामा अक्षरशः खरी धरत. त्याला कारणही होतं. त्यांच्या आधीच्या सचिवाने फॅट तपासायचं यंत्र दुरुस्तीच्या नावाखाली घरी नेलं आणि ते यंत्र काही परत संस्थेत आलं नाही. पुढे त्याच घरातून एक खासगी डेअरी निघाली. तेव्हा मामांनी सभेत नियम करून घेतला, की संस्थेच्या मालमत्तेला दुरुस्तीसाठी हात लावायचा तर आधी संचालकांची सभा घ्यायची, सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, आणि ठराव लिहून झाल्यावरच पाना उचलायचा. नियम नेक होता. फक्त तो करताना व्हॅन रस्त्यात बंद पडते ही बाब कुणाच्या लक्षात आली नव्हती.

आणि ती व्हॅन तर बंद पडण्यासाठीच जन्माला आलेली. संस्थेकडे येण्याआधी ती चतुर्थीला लिंबागणेशच्या गणपतीला माणसं वाहायची, आणि तेव्हापासून थांबत थांबत जायची सवय तिच्या अंगात मुरली होती. तिचं सरकतं दार बाहेरून उघडत नसे. रोलर झिजला होता, त्यामुळे कुणीतरी मागच्या दाराने शिरून, कॅनवरून ओणवं सरपटत जाऊन आतून लाथ मारली तरच ते उघडे. दुसऱ्या कुठल्या मालकाने रोलर बदलला असता. मामांनी आधी 'दार उघडण्याचे पाळीपत्रक' लावलं, कारण एकाच सभासदाने रोज सरपटणं हा अन्याय आहे. सेल्फ मारला की व्हॅन फक्त खोकायची, मग ढकलावी लागायची, आणि ढकलण्याबाबत ठराव असा होता की ढकलताना लहानमोठा असा भेद केला जाणार नाही. एकदा तालुक्याचे एक पुढारी, कडक इस्त्रीतले, आपली जीप पंक्चर झाली म्हणून मामांच्या व्हॅनमध्ये बसले. दोन मैलांवर व्हॅन खोकली. मामांनी आरशातून मागे पाहिलं आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "साहेब, उतरावं लागतंय. ठराव हाय." साहेब उतरले, ढकलू लागले, आणि व्हॅन चालू होऊन पुढे गेली तेव्हा धुराने त्यांच्या पांढऱ्या कपड्यांचा आणि डांबरी रस्त्याचा रंग एक झाला होता. माझ्या आयुष्यात मी वाचलेल्या एकाही पत्रकाने पुढाऱ्याला इतकं कामाला लावलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या पत्रकाचा कडवटपणा थोडा उतरला, हे मी कबूल करतो.

व्हॅनचं मुख्य दुखणं मात्र पोटातलं होतं. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली. ते तापलं की आधी बसणाऱ्याला कळतं आणि मग डॅशबोर्डवरच्या काट्याला. त्यात रेडिएटर गळका. दुष्काळात गळका रेडिएटर म्हणजे घरात एक जास्तीचं माणूस. मामा चोरून पाणी भरणारे नव्हते. त्यांनी टँकरच्या रांगेत व्हॅनच्या नावाने एक स्वतंत्र घागर लावली. बायकांनी गिल्ला केला, की इथं लेकरांना पाणी नाही आणि ही गाडी पिणार का? सभा झाली, आणि व्हॅनची घागर नेहमी शेवटच्या नंबरला ठेवावी यावर तडजोड झाली. पाणी संपलं तर त्या दिवशी व्हॅन तहानलेली जाई, आणि चार किलोमीटरच्या पुढे वाफ सोडी.

केजमधले मिस्त्रीचाचा हे व्हॅनचे वैद्य. ते गाडीला हात लावण्याआधी मामांना विचारत, "सचिवसाब, मिटिंग हुई क्या?" मामा रजिस्टर दाखवत, चाचा चष्मा लावून ठराव वाचल्यासारखं करत आणि मग पाना घेत. रेडिएटरच्या गळतीवर त्यांनी त्या भागातला जुना उपाय केला, मूठभर हळद आत टाकली. हळद फुगून भोक बुजवते. गळती थांबली, पण पुढचे आठ दिवस इंजिन तापलं की फोडणीचा वास यायचा, आणि थेंब पडला तर पिवळा पडे. गोदाबाई म्हणाल्या, "हळद तर लागली. आता नवरदेव कवा आणता हिला?"

या गोदाबाई संस्थेच्या संचालक. दोन म्हशींच्या मालकीण. केंद्रावर फॅट तपासणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्या रोज दुधासोबत जातीने केजला येत. मामांच्या शेजारची सीट त्यांची, आणि त्यामुळे इंजिन तापल्याची पहिली बातमीही त्यांचीच: "सचिव, भाजायलंय!" मग मामा गाडी बाजूला घेत, चावी काढत, खिशातून पेन काढत आणि सभा सुरू करत. कोरम पाचाचा. हजर संचालक दोन: मामा आणि गोदाबाई. मला मत नव्हतं, मी लिहायला. मामा घड्याळ पाहून जाहीर करत, "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब." नियम असा, की कोरम नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी भरवायची, त्या सभेला कोरम लागत नाही. हे कुठल्याही संस्थेच्या सभेत होतं. फक्त तिथे लोक सतरंजीवर बसलेले असतात. आम्ही बाभळीखाली, डोक्यावर ऊन आणि मागे दुधाचे कॅन. अर्धा तास झाला की मामा म्हणत, "सूचक मी. गाडीत पाणी घालावं. अनुमोदन?" गोदाबाई रोज आधी कुरकुरत, "कावून इचारता बाबा रोज रोज? पाणी घालायला बी अनुमोदन लागतंय व्हय?" आणि मग म्हणत, "देते. देते अनुमोदन. हाला आता." मी लिही: सर्वानुमते मंजूर. मग रेडिएटरचं झाकण उघडलं जाई.

मला हे सगळं असह्य होई. माझ्या मते ही लोकशाहीची थट्टा होती. मी मिस्त्रीचाचांकडे तक्रार केली, तर ते पान जुळवत म्हणाले, "हौ, हसते सब. लेकिन एक बात सुनो. ऐसी गाडी तापली की लोकं काय करतात? लगेच झाकण खोलतात, थंडा पानी ओततात, आन तापलेल्या इंजिनचं हेड फाटतं. माझ्याकडे हप्त्याला एक येती. सचिवसाब की गाडी इतनी पुरानी, हेड अजून कंपनीचं." मी ते ऐकलं आणि विसरलो. घाईत असलेल्या माणसाला असलं काही ऐकू येत नाही.

मग ते तीन दिवस आले. पहिल्या दिवशी क्लचची केबल तुटली. दुसरा दिवस ती केबल बीडहून येण्यात गेला. दोन्ही दिवस दूध केंद्रावर गेलं नाही, घरोघरी परत गेलं. केंद्राचा नियम होता, की सलग तीन दिवस दूध आलं नाही तर संस्थेची नोंद रद्द. आणि नोंद रद्द झाली की गावात एकच गिऱ्हाईक उरणार होतं: त्या आधीच्या सचिवाची डेअरी. तिचा टेम्पो रोज सकाळी वेशीपाशी येऊन नुसता उभा राही. ते लोक फॅट दाखवून तपासत नसत, सांगत. दुष्काळात ज्या घरात पीक शून्य आणि एखादी म्हैस तेवढी दूध देणारी, त्या घराला त्यांनी सांगितलेलं मुकाट्याने ऐकावं लागलं असतं. मामा त्या दोन दिवसांत जेवले की नाही ते ताईला विचारा. ते रात्री अंगणात बसून केबलचं वेष्टन हातात फिरवत होते, एवढं मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही लवकर निघालो. केज तीन किलोमीटर उरलं, डाव्या हाताला चारा छावणीचे मांडव दिसू लागले, आणि गोदाबाई म्हणाल्या, "सचिव, भाजायलंय."

मामांनी गाडी बाजूला घेतली. आठ वाजले होते. त्यांनी पेन काढलं. "कोरमअभावी सभा..."

माझा स्फोट झाला. वर्षानुवर्षं आत साठलेली सगळी पत्रकं एकदम बाहेर आली. "मामा, नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नाहीत! तिथे संस्था मरायला टेकलीय आणि तुम्ही तहकूब करता?" एवढ्यात मागून तोच टेम्पो आला, हळू झाला, आणि ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "काय सचिव, मिटिंग का? वता दूध आमच्या टाकीत, तुमाला बी सोडतो गावात." गोदाबाईंनी त्याला जे सांगितलं ते मी इतिवृत्तात लिहू शकलो नाही आणि इथेही लिहू शकत नाही. टेम्पो हसत गेला. मी सीट उचलली, फडकं घेतलं आणि झाकण फिरवलं.

वाफेने हात भाजला, पण माझ्यातला हुतात्मा थांबेना. गोदाबाईंची पाण्याची कळशी, टँकरच्या रांगेत दोन तास उभं राहून भरलेली, मी उचलली आणि त्या लालबुंद इंजिनावर आणि आतमध्ये रिकामी केली. आतून 'टक्' असा बारीक आवाज आला. एखाद्याने जीभ टाळूला लावून नापसंती दाखवावी, तसा. मग व्हॅन खोकलीसुद्धा नाही.

मामांनी घड्याळ पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं. अर्धा तास थांबलो असतो तरी साडेआठला निघून पावणेनऊला पोचलो असतो, हे गणित तिघांनाही त्याच क्षणी सुटलं. गोदाबाई रिकाम्या कळशीकडे पाहत म्हणाल्या, "पाणी बी गेलं, पाव्हणं."

मी रस्त्यावर मान खाली घालून उभा. मामा मात्र छावणीकडे पाहत होते. मग एकदम, इतक्या दिवसांत मी पाहिला नव्हता असा उजेड त्यांच्या तोंडावर आला. "गोदाबाई," ते म्हणाले, "आपले बाकीचे संचालक कुटं हायेत?"

"कुटं म्हंजी? छावनीत. जनावरापाशी."

"मग कोरम हाय की!"

मामा धोतर सावरत त्या मांडवाकडे पळाले. मी त्यांना पळताना पाहिलं ते तेवढंच. पाच मिनिटांत सात संचालक, त्यांच्यामागे निम्मी छावणी. व्हॅन आल्यापासून तिच्याबाबत पहिल्यांदाच रस्त्यावर पुऱ्या कोरमची सभा भरली. विषय एकच: गाडी केजला न्यावी कशी. सूचना गोदाबाईंची. "बैलं लावा." अनुमोदन द्यायला सातजण एकदम ओरडले, आणि मामांनी तेवढ्यातही हात वर करून विचारलं, "एकेकानं बोला, लिहिनाऱ्याचा हात भाजलाय."

छावणीच्या चाऱ्यावर जगणारे दोन बैल, बरगड्या मोजून घ्याव्यात असे, दोराने व्हॅनला जुंपले. मामा स्टिअरिंगवर. पुढे बैलांपाशी एक संचालक, मागे ढकलायला बाकीचे, सरकतं दार अर्धवट उघडं, त्यात गोदाबाई कॅनवर ओला फडका धरून बसलेल्या. केजच्या बाजारातून ही वरात गेली तेव्हा लोक चहा सोडून बाहेर आले. मिस्त्रीचाचांनी दुकानातून पाहिलं, टोपी नीट केली आणि विचारलं, "सचिवसाब, ये नया मॉडेल कब निकला?" मामांनी हॉर्न वाजवून उत्तर दिलं. त्या गाडीत तेवढं एक नेहमी चालू असे.

केंद्रावर पोचलो तेव्हा पावणेदहा. तिथल्या साहेबांनी कॅनचं झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवली. "दूध आंबलंय सचिव. वेळही गेली. परत न्या."

"परत न्यायला आलो न्हाई साहेब," मामा म्हणाले. "तपासा आन नापास करा."

"नापास करून काय मिळणार?"

"पावती मिळंल. नियमात लिवलंय, सलग तीन दिवस दूध आलं न्हाई तर. आलंय. दारात हाय. बैलं बी हायेत साक्षीला."

साहेबांनी बाहेर पाहिलं. बैल केंद्राच्या कुंडीतला एकुलता एक क्रोटन खात होते. साहेबांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग खरंच दूध तपासलं, आणि पावतीवर लिहिलं: दूध आले, नापास. मामांनी ती पावती दोन्ही हातांनी घेतली. नापास झाल्याबद्दल इतका आनंद झालेला माणूस मी पुढे कधी कुठल्या शाळेतही पाहिला नाही. दूध त्यांनी छावणीत नेलं, तिथे त्याचं ताक झालं, आणि त्या उन्हात संबंध छावणी ते प्यायली. संस्था टिकली.

परतताना मामांनी मला इतिवृत्त सांगितलं. गाडी बंद पडण्याचं कारण या रकान्यात मी स्वतःचं नाव लिहायला लागलो; सत्य लिहायचं असतं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मामांनी माझा पट्टी बांधलेला हात धरला. "थांबा. कारण लिहा: इंजिन जुने झाल्याने." मी म्हटलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, "जुनं तर हाय ना? मग. तुमच्या नावाला अनुमोदन कोन देतंय? गोदाबाई, देता का?"

"न्हाई बा," गोदाबाई म्हणाल्या. "पर माझी कळशी भरून द्या म्हनावं."

दुसऱ्या दिवशी मी टँकरच्या रांगेत उभा राहून ती भरून दिली. पत्रक मी लिहिलं, पण त्याचं नाव बदललं.

मागच्या उन्हाळ्यात मी ताईकडे गेलो होतो. संस्थेकडे आता नवा टेम्पो आहे, किल्ली फिरवली की चालू होतो, त्यामुळे त्यात कुणी कुणाशी बोलत नाही. मामा सचिव राहिलेले नाहीत. गोदाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. जुनी व्हॅन संस्थेच्या मागे लिंबाखाली उभी असते, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. ती भंगारात काढायची आहे, आणि तरुण सचिवाने मोठ्या मनाने ते काम मामांवर सोपवलं: तुमचीच गाडी, तुम्हीच ठराव मांडा. मामांनी रीतसर नोटीस काढली. सभेचं ठिकाण: व्हॅन.

कुणी आलं नाही. सगळे रानात होते. मी मागच्या दाराने शिरलो, सरपटत जाऊन दाराला आतून लाथ मारली, ते उघडलं, आणि मामा आत येऊन स्टिअरिंगपाशी बसले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब."

आम्ही बसलो. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. लिंबाची सावली एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेली, एक कोंबडी आत आली आणि आम्हाला पाहून परत गेली. अर्धा तास झाल्यावर मामांनी घसा साफ केला.

"सूचक मी. गाडी भंगारात काढावी. अनुमोदन?"

ते शेजारच्या सीटकडे पाहून थांबले. ती सीट आता थंड असते. कुणी कुरकुरलं नाही. मामा बराच वेळ थांबले, नियमात लागतो त्याहून पुष्कळ जास्त.

"अनुमोदन न मिळाल्यानं ठराव बारगळला," ते म्हणाले. "लिहा, पाव्हणं."

मी लिहिलं.